'आपण हरलो' म्हणण्याचा अधिकार : एका प्रतिक्रियेला उत्तर

'परखड परभणीकर' यांस,
सप्रेम नमस्कार.

आयपीएलमधील मुंबईच्या संघाविषयी आमच्या मराठवाड्यातील माणसे 'आपण जिंकलो', 'आपण हरलो' असे का बोलतात, या विषयावरील माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे आहेत : हा संघ एका उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे, त्याचे खेळाडू लिलावात घेतलेले असतात, लोक जिंकल्यावर 'आपण' आणि हरल्यावर 'ते' म्हणतात, आणि ज्या रणजी संघातून आपल्या भागातील मुले खेळतात, त्या महाराष्ट्राच्या संघाची मला आठवणही होत नाही. इथपर्यंत मतभेद म्हणून सारे ठीक होते. पण शेवटी तुम्ही लिहिता, 'ज्यांनी जन्मात बॅट धरली नाही, त्यांनी परक्यांच्या पराभवावर गळे काढावेत, हे मराठवाड्याच्या रिकामटेकडेपणाचे लक्षण आहे.' माझे उत्तर मुख्यतः या वाक्याला आहे.

लिलावाचा मुद्दा मी मोकळेपणाने मान्य करतो. आज इथे, उद्या तिथे, असेच खेळाडूंचे असते. हार्दिक पांड्याला गुजरातकडून परत आणून २०२४ च्या हंगामासाठी रोहित शर्माच्या जागी कर्णधार केले, तेव्हा वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक त्याने भारताकडून टाकले, तेव्हा त्याच मंडळींनी त्याला डोक्यावर घेतले. हा चंचलपणा आहे, नाही असे मी म्हणत नाही. मात्र हे प्रेक्षक म्हणजे मालकाचे गिऱ्हाईक नव्हेत. एवढे लक्षात घ्यावे, की गिऱ्हाइकाला माल पटला नाही तर ते मुकाट्याने दुसऱ्या दुकानात जाते. तिथेच उभे राहून मालकाशी भांडत बसत नाही.

आता रिकामटेकडेपणाविषयी. मी गोदाकाठच्या एका खेड्यात वाढलो. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, आणि आमच्याकडे त्या दिवसांत ज्वारीची मळणी चालू होती. रविवार असला तरी शेताला सुट्टी नसते, हे परभणीकर म्हणवून घेणाऱ्याला मी सांगावे असे नाही. माणसे पहाटे कामाला लागली ती दुपारच्या सामन्यासाठी मोकळे होता यावे म्हणून. भारनियमनाचा भरवसा नव्हता, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि तिच्यावर एक जुना कृष्णधवल टीव्ही लावला. ऑस्ट्रेलियाने ३५९ धावा केल्या. सचिन पहिल्याच षटकात बाद झाला. सेहवाग ८२ धावांवर धावबाद होईपर्यंत कोणी जागचे हलले नाही, आणि भारताचा डाव २३४ वर आटोपल्यानंतर आमच्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ, ज्यांनी खरोखरच जन्मात बॅट धरली नव्हती, एवढेच म्हणाले, 'हरलो आपण.' रात्री ते पुन्हा खळ्यावर राखणीला गेले. त्यांना तुम्ही रिकामटेकडे म्हणणार असाल, तर तुम्ही कोणत्या परभणीत राहता, हे विचारण्याची मुभा मला असावी.

जिंकल्यावरच लोक 'आपण' म्हणतात, यासाठी तुम्ही मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७६ च्या अभ्यासाचा दाखला दिला आहे. फुटबॉलचा संघ जिंकल्यावर विद्यार्थी आपल्या विद्यापीठाची चिन्हे असलेले कपडे अधिक घालतात, असे त्यांना आढळले होते. अभ्यास चांगलाच आहे, पण तो अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा होता. आमच्या ओसरीवर त्या रात्री एकानेही 'ते हरले' असे म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि मी तिथे होतो.

बॅटचे म्हणाल, तर मी स्वतः जत्रेतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये गावाकडून यष्टिरक्षण केले आहे, आणि डाव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही. तुम्ही कधी कोणत्या मैदानावर उतरला होतात, ते प्रतिक्रियेत आढळले नाही. मात्र बॅट धरल्याशिवाय हळहळण्याचा हक्क मिळत नाही, हा नियम मला मुळातच मान्य नाही. तो लावला तर माझ्या आईला २००३ ची ती रात्र आठवण्याचीही परवानगी उरणार नाही.

मुंबईचा संघ परका कसा नाही, हेही सांगतो. नकाशा पाहिला तर बीड आणि धाराशिव या दोन्हींना मुंबईपेक्षा पुणे जवळ. २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांत पुण्याचा संघ होता, आणि २०१७ च्या हैदराबादच्या अंतिम सामन्यात तो मुंबईकडून केवळ एका धावेने हरला. तरीही आमच्या गावातील बहुतेक मंडळी त्या रात्री मुंबईच्याच बाजूने होती, कारण २००८ मध्ये सचिन त्या संघाकडून खेळू लागला तेव्हाच त्यांचे ठरून गेले होते. सचिन २०१३ नंतर तिथे खेळला नाही, पण माणसे हलली नाहीत. यात मालकाचा संबंध कुठे येतो, ते मला तरी दिसत नाही.

राहता राहिला रणजीचा प्रश्न. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्र अंतिम सामन्यात कर्नाटकशी खेळला तेव्हा मी कुठे होतो, असे तुम्ही विचारले आहे, आणि पैठणचा अंकित बावणे व जालन्याचा विजय झोल ही नावे माझ्या तोंडावर फेकली आहेत. दोघांविषयी मला आदर आहे. पण तो विषय निराळा आहे, आणि या चर्चेत तो ओढून आणण्याचे प्रयोजन मला समजले नाही; सवड मिळाल्यास त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. मात्र पुढच्या वेळी गावाच्या नावासोबत स्वतःचेही नाव लिहिलेत, तर उत्तर कोणाला देत आहे हे मला कळेल.