कार्बोरेटरवर टर्बो: पिस्टन वितळतात ते कशामुळे?

जुन्या स्पोर्ट्स कारच्या नादी लागलेल्या कुणालाही हे ऐकून पाठ झालेलं असतं: ‘कार्बोरेटरच्या इंजिनाला टर्बो लावायचा नाही. लावलात तर पिस्टन वितळलेच म्हणून समजा. टर्बो हवाच असेल तर आधी इंजेक्शन बसवा.’ (कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारं जुनं यंत्र, इंजेक्शन म्हणजे तेच काम पेट्रोल फवारून करणारी नवी पद्धत, आणि टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप.) जोडीला कारणंही ठरलेली. कंपन्यांनी असलं कधी केलं नाही, कार्बोरेटर दाब सोसत नाही, मिश्रणावर ताबा राहत नाही, आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) उतरवलं की गाडीत दम उरत नाही. पिस्टन वितळतात हे खरंच आहे. पण खापर भलत्याच्या डोक्यावर फुटतं.

कंपन्यांनी केलं नाही, हे तर साफ खोटं. 1962 मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या दोन टर्बो गाड्या आल्या आणि दोन्हींवर कार्बोरेटरच होता. कॉर्व्हेअरला तर वेस्टगेटसुद्धा (बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, मर्यादेत ठेवणारी झडप) नव्हता. 1980 च्या लोटस एस्प्री टर्बोने दोन डेलॉर्टो कार्बोरेटरवर 2.2 लिटरमधून 210 अश्वशक्ती काढली. मासेराटी बायटर्बो, एमजी मेट्रो टर्बो, रेनॉ 5 जीटी टर्बो, सगळ्या कार्बोरेटरवाल्या आणि सगळ्या शोरूममधून विकलेल्या.

आता दाबाचं. कार्बोरेटर टर्बोच्या आधी बसवला, म्हणजे ड्रॉ-थ्रू मांडणी केली, तर त्याच्यावर बूस्टचा दाब येतच नाही. वरच्या दोन्ही अमेरिकन गाड्या अशाच होत्या. तिथली अडचण वेगळी आहे. पेट्रोल मिसळलेली हवा टर्बोतून जाते, म्हणून इंटरकूलर (टर्बोतून निघालेली गरम हवा थंड करणारा) लावता येत नाही, आणि थ्रॉटल (अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद असताना टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल इनटेकमध्ये खेचलं जाऊ नये म्हणून टर्बोला कार्बन सील लागतं.

टर्बो आधी आणि कार्बोरेटर नंतर, ही ब्लो-थ्रू मांडणी. बहुतेकांची इंजिनं इथेच जातात. समजा बूस्ट 8 पीएसआय (दाबाचं एकक) आहे. फ्लोट चेंबरचा (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीचा) व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, बाहेरच्या हवेत उघडा ठेवलात तर घशातला दाब पेट्रोलला उलटा चेंबरमध्ये रेटतो. म्हणून व्हेंटला बूस्टचा दाब द्यावा लागतो. एवढं बरेच जण करतात आणि थांबतात. आता चेंबरमध्येही 8 पीएसआय आहे, आणि इंजिनावरचा मूळ पंप जेमतेम 4 पीएसआयने पेट्रोल ढकलतोय. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) खाली गेला, नीडल (पेट्रोल आत सोडणारी झडप) उघडली, तरी पेट्रोल आत येणार कसं? दीडशे अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला सेकंदाला साधारण 14 मिलीलीटर पेट्रोल पितं. काही सेकंदांत चेंबर रिकामा, मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि पिस्टनच्या डोक्याला भोक. मग लोक कार्बोरेटरला शिव्या घालतात.

उपाय जुनाच आहे. जोरदार इलेक्ट्रिक पंप, परतीची लाइन, आणि बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर, जो बूस्ट जितका वाढेल तितकाच पेट्रोलचा दाब वाढवतो. म्हणजे 8 च्या बूस्टला पेट्रोल 12 वर. पोकळ फ्लोट दाबाने चेपू शकतो, तिथे भरीव फोमचा फ्लोट घालायचा. आणि थ्रॉटलचा स्पिंडल (झडप ज्यावर फिरते तो दांडा) सील करायचाच. झिजलेल्या स्पिंडलमधून एरवी हवा आत येते. बूस्टवर पेट्रोल बाहेर फवारलं जातं, आणि शेजारीच तापून लाल झालेला टर्बो असतो. यात काटकसर करणाऱ्याने टर्बोच्या वाटेला जाऊ नये.

मिश्रणाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. कार्बोरेटर हवेचं वजन मोजत नाही. घशातल्या दाबाच्या फरकाने तो पेट्रोल ओढतो, त्यामुळे हवेची घनता वाढली की पेट्रोल तिच्या वर्गमुळाच्या हिशेबानेच वाढतं. उंच डोंगरावर कार्बोरेटरची गाडी रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होते. बूस्टवर नेमकं उलटं घडतं. 8 पीएसआयला 27 अंशांची हवा 65 टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून जवळपास 90 अंशांवर निघते आणि घनता सुमारे 1.28 पट होते. म्हणजे मिश्रण साधारण 13 टक्क्यांनी पातळ, तेही जेव्हा ते जास्त दाट हवं तेव्हा. इंटरकूलर लावला की हवा आणखी घन होते, फरक आणखी वाढतो. म्हणून मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) मोठे, बूस्टवर उघडणारं जादा पेट्रोलचं सर्किट, आणि एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर, जो एका भाग पेट्रोलला किती भाग हवा आहे ते दाखवतो. पूर्ण बूस्टवर आकडा 11.5 ते 12 च्या आसपास दिसेपर्यंत पाय दाबायचा नाही. इंजेक्शनमध्ये हे लॅपटॉपवर होतं, इथे जेट बदलत बसावं लागतं. कटकट आहे, अशक्य नाही.

कॉम्प्रेशनचं थोडक्यात सांगतो. लोटसने 7.5 ठेवलं, जेटफायरने चक्क 10.25 ठेवून नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला पाणी आणि मेथॅनॉलचा फवारा मारला. सौम्य बूस्टला 8 ते 8.5 वर गाडी रोजच्या वेगातही मरगळत नाही. खरा घात इग्निशन करतं. जुन्या डिस्ट्रिब्युटरला (सिलिंडरना ठिणगी वाटणाऱ्या यंत्राला) बूस्ट कळत नाही. तो बूस्टवरही टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढेच ठेवतो. बूस्टच्या दर पीएसआयला एक अंश मागे, हा ढोबळ हिशेब धरून सुरुवात करावी आणि नॉकिंगकडे कान ठेवावा. टायमिंग चुकलं तर इंजेक्शन लावलेलं इंजिनही तसंच फुटतं, हे ‘आधी इंजेक्शन’वाले सांगत नाहीत.

इंजेक्शनची बाजू मी एका जागी घेतो. गरम इंजिन बंद केलं की टर्बोच्या धगीने चेंबरमधलं पेट्रोल उकळतं आणि गाडी लवकर चालू होत नाही. रेनॉ 5 जीटी टर्बो यासाठी कुप्रसिद्ध होती. हीट शील्ड आणि पंखा लावून त्रास कमी होतो, संपत नाही. रोज गर्दीत चालवायची गाडी असेल तर इंजेक्शनच घ्या.