'पानिपत झालं' हे फोन सांगणार नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच सुरू झालं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, बोंबाबोंब झाली, जीआर मागे घेतला, तरी भांडण मिटलेलं नाही. त्यात माझा पुण्यातला भाचा लिहितो की भाषेवरून डोकी कशाला फोडताय, फोन सगळं भाषांतर करून देतो, शाळेत मराठी शिकली काय नि न शिकली काय. मी दोन ओळी लिहिल्या तर म्हणे, "मावशी, तू तिकडे बसून बोलू नकोस." लागलं मला ते.

त्याला उत्तर म्हणून स्टार ट्रेक या अवकाशयानावरच्या माणसांच्या अमेरिकन मालिकेचा एक एपिसोड सांगते. नेक्स्ट जनरेशन, पाचवा सीझन, 'डारमॉक', सप्टेंबर १९९१ चा. त्या यानावर भाषांतराचं यंत्र असतं, म्हणजे भाच्याचा फोनच. एक परकी जमात भेटते, यंत्र एकेक शब्द नीट लावून देतं आणि तरी कुणाला काही म्हणजे काही कळत नाही. "शाका, भिंती पडल्या तेव्हा." "टेंबा, हात पसरलेले." ही माणसं त्यांच्या गोष्टींमधूनच बोलतात. शाका म्हणजे हरलो, टेंबा म्हणजे घे, तुला दिलं. गोष्ट माहीत नसेल तर शब्द नुसते पडून राहतात.

आता आपण वेगळं काय करतो सांगा. पानिपत झालं. ध चा मा केला. गड आला पण सिंह गेला. फोन 'ध' देईल, 'मा' देईल, पण १७७३ साली शनिवारवाड्यात धावणारा नारायणराव कुठून देणार?

मी जर्मनीत स्टुटगार्टला सतरा वर्षं आहे. इथल्या पासपोर्टला जर्मन भाषेची बी-वन पातळी लागते, मी त्याच्या वरची सी-वन केली, आणि भाषेवरून कुणी कुणाच्या कानाखाली वाजवलेली इथे तरी मी बघितली नाही. पण पहिल्याच डिसेंबरात ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी म्हणालं, "सेम प्रोसीजर अ‍ॅज एव्हरी इयर", सगळे खो खो हसले आणि मी ग्लूवाइनचा, म्हणजे गरम मसाला वाइनचा मग धरून नुसती उभी. वाक्य इंग्रजीत होतं, माझं इंग्रजी त्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, तरी कळलं नाही. इथे दर ३१ डिसेंबरला टीव्हीवर 'डिनर फॉर वन' नावाचं एक जुनं इंग्रजी विनोदी नाटुकलं लागतं, ते वाक्य त्यातलं. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा कळलं. हेच मी भाच्याला सांगतेय आणि त्याला वाटतं मावशी अस्मितेचं बोलते.

एपिसोडमध्ये कच्चे दुवे आहेत. अशा भाषेत यान बांधायची मापं कशी सांगत असतील ते पटत नाही, आणि अवकाशजहाजावर मागे राहिलेल्या उपकप्तान रायकरचा भाग रेंगाळतो. पण शेकोटीचा सीन बघाच. एका ग्रहावर त्या जमातीचा कॅप्टन डेथन जखमी होऊन पडलाय आणि आपल्या जहाजाचा कॅप्टन पिकार्ड त्याला गिल्गमेश आणि त्याचा मित्र एन्किडू यांची प्राचीन मेसोपोटेमियातली गोष्ट सांगतो. डेथन झालेल्या पॉल विनफील्डच्या चेहऱ्यावर एवढा जाड मेकअप, तरी एन्किडू मेला म्हटल्यावर त्याचे डोळे बघा.

मला मात्र त्याच्या आधीचा सीन छळतो. दोघं मिळून त्या ग्रहावरच्या एका श्वापदाशी लढत असतात आणि नेमकं तेव्हाच जहाजावरचे लोक यंत्राने पिकार्डला वर ओढायला लागतात. तो धड तिथे नाही, धड जहाजावर नाही, समोर डेथनला मार पडतोय आणि याला हात हलवता येत नाही. आई आजारी होती तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर अशीच होते. म्हणून ते "तिकडे बसून" इतकं लागलं.

आणि खरं सांगायचं तर भाच्यावर चिडायचा मला कितपत हक्क आहे? माझी लेक बारा वर्षांची आहे, इथेच जन्मलेली, मराठी छान बोलते. मार्चमध्ये माझं एक मोठं काम ऑफिसात फसलं, मी घरी येऊन म्हटलं, "पानिपत झालं गं." तिने विचारलं, "कुठलं पाणी?" शब्द मी दिले होते, गोष्ट दिलीच नव्हती. बारा वर्षं फायराबेंडनंतर, म्हणजे ऑफिस सुटल्यावर, दमले, दमले करत राहिले.

त्या रविवारी पोळ्या लाटता लाटता सुरुवात केली. १४ जानेवारी १७६१, उपाशी सैन्य, विश्वासरावाला लागलेली गोळी, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला ते. तिने कणकेचा गोळा हातात तसाच धरून विचारलं, विश्वासराव किती वर्षांचा होता. म्हटलं, अठरा. पुढचं सांगेपर्यंत तव्यावरची पोळी करपली.