दरवर्षी येतो, मग तो अवकाळी कसा?

आज सकाळी गच्चीवर गेले आणि वारा बदललेला जाणवला. चार दिवस उत्तरेचा कोरडा वारा होता, पहाटे स्वेटर लागायचा. आज पूर्वेकडून येतोय, दमट, अंगाला चिकटणारा. खाली येऊन पहिला फोन काटोलकडच्या आमच्या गावी, मोठेबाबांना केला. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "इकडंही फिरला वारा. हरभरा सोंगून वावरात पडला हाये. संध्याकाळपर्यंत गंजी लावतो अन् ताडपत्री टाकतो."

फेब्रुवारी संपत आला की नागपुरात सगळे एकच विचारतात, यंदा पारा किती चढणार? ज्या शहराने 23 मे 2013 ला 47.9 अंश सोसले, तिथे हा प्रश्न साहजिक आहे. पण मे अजून लांब आहे. त्याआधीचा सव्वा-दीड महिना, साधारण महाशिवरात्रीपासून रामनवमीपर्यंत, विदर्भात गारांचा असतो. आणि या दिवसांना आपण ऋतू म्हणून मोजतच नाही. हवामान विभाग मार्च ते मे हा मान्सूनपूर्व हंगाम धरतो, त्याचा अंदाजही देतो. आपण त्यातलं तापमान तेवढं वाचतो आणि वारा-पावसाच्या ओळी सोडून देतो.

या दिवसांत नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की सकाळचा वारा वाचता येतो. बंगालच्या उपसागराकडून बाष्प घेऊन येणारा वारा विदर्भावर येतो, आणि वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याशी त्याची गाठ पडते. जमीन दुपारपर्यंत तापलेली असते, पण खूप वरची हवा अजून हिवाळ्यासारखी थंड असते. अशा वेळी ढग झपाट्याने उंच चढतात, आणि त्यात तयार झालेली गार जमिनीपर्यंत पोहोचण्याआधी वितळत नाही. मे महिन्यात वरची हवाही तापते, म्हणून तेव्हा वादळं होतात पण गारा त्या मानाने कमी. वरचे वारे पश्चिमेचे असल्यामुळे हे ढग बहुतेकदा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. म्हणजे काटोल-नरखेडला झोडपून ते नागपूरकडे येतात. धरमपेठेत आपल्याला जो थंडगार झुळका लागतो आणि आपण खिडक्या उघडतो, तो बऱ्याचदा कुणाच्या तरी बागेवरून आलेला असतो.

त्या बागेत आत्ता काय आहे? मृग बहाराची, म्हणजे गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, संत्री तोडणीला आलेली. आंबिया बहाराची झाडं जानेवारी-फेब्रुवारीत फुलली, त्यांचं फळ मार्चमध्ये वाटाण्याएवढं. दहा मिनिटांच्या गारपिटीत पहिलं हातचं जातं आणि दुसऱ्याचं पुढच्या दिवाळीचं उत्पन्न जातं. गहू ओंब्यांनी जड झालेला असतो, एका वाऱ्यात आडवा होतो. मोहफुलं वेचायचे दिवसही हेच. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना हे सांगायची गरज नाही. आमच्या बागेत तेव्हा पानांचा खच गुडघ्याला लागत होता आणि मोठी आई त्यातून हिरवी फळं वेचून ओट्यात घेत होती, त्यांचं काही होणार नाही हे माहीत असूनही.

म्हणून मला "अवकाळी" या शब्दाचाच त्रास होतो. काळ नसताना येतो तो अवकाळी. हा तर जवळजवळ दरवर्षी येतो. कुठे येईल, किती येईल ते बदलतं, पण येतो. शब्दानेच त्याला अपघात करून टाकलंय, आणि अपघाताची तयारी कोणी करत नाही. जूनसाठी आपण मेपासून तयारी करतो. मार्चसाठी जानेवारीत ताडपत्री, साठवणीची जागा, गारपिटीची जाळी यांचा विचार का होत नाही? नुकसान 33 टक्के भरलं की सरकारी मदत, तीही पंचनामा झाल्यावर. मदत हवीच, पण ती झाड मोडल्यानंतरची गोष्ट आहे.

आता नदीचं. "चला, पाऊस झाला, धरणात पाणी वाढेल" हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. वाढत नाही. तापलेली, कोरडी जमीन हा पाऊस पिऊन टाकते. कन्हानच्या पुलावरून या दिवसांत पाहा, रुंद वाळू आणि तिच्या कडेने एक बारीक धार. नागपूर पितं ते पेंचचं आणि कन्हानचं पाणी. पेंचवरच्या तोतलाडोह धरणात जे आहे ते मागच्या पावसाळ्याचं, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेच पुरवायचं आहे. 2019 च्या जुलैत शहराला दिवसाआड पाणी मिळालं होतं, हे इतक्यात विसरू नये. मार्चमधल्या दोन सरींनी नळ सैल सोडायचं कारण नाही.

नाग नदीत मात्र हा पाऊस दिसतो. वाऱ्याने मोडलेल्या फांद्या, पत्रे, प्लास्टिक सगळं नाल्यांतून तिच्यात येतं आणि पुलांखाली अडकून बसतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून काठच्या घरांत पाणी शिरलं. तेव्हापासून पुलाखाली फांदी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. नाग, पिवळी आणि पोरा या तिन्ही नद्यांची सफाई उन्हाळ्यात होते, चांगलं आहे. पण मार्च-एप्रिलच्या प्रत्येक वादळानंतर पुलांखालची एक फेरी व्हायला हवी, ही माझी मागणी आहे.

ज्यांच्या गावाकडे बाग आहे त्यांच्यासाठी एवढंच: फोनवर दामिनी ॲप टाकून द्या, विजेचा इशारा मिळतो. ढग आले की झाडाखाली थांबायचं नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पुन्हा सांगा. गार पडलीच तर मोडलेल्या फांद्या कापून तिथे बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. साल फाटलेली झाडं तशीच सोडली तर बुरशी शिरते.

हे लिहितानाच मोठेबाबांचा फोन येऊन गेला. गंजी लागली, ताडपत्री एकच होती, दुसरी शेजाऱ्यांकडून आणली. पश्चिमेला आभाळ काळं झालंय म्हणाले.