टाच दुखते म्हणजे नाटकं नव्हेत

"आई, टाच दुखते." दोन महिने हे ऐकलं आणि दोन महिने माझं उत्तर एकच: नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पळायला जायचा कंटाळा, दुसरं काय! मैदानावरच्या सरांचंही तेच मत. सासूबाई म्हणाल्या, वाढीचं दुखणं, तेल चोळ. चोळलं. मग एका रविवारी आमचे दहा वर्षांचे चिरंजीव घरातल्या घरात चवड्यांवर चालताना दिसले आणि माझं धाबं दणाणलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढलाच नाही. टाच दोन्ही बाजूंनी दाबली, पोरगं कळवळलं, निदान झालं. सीव्हर्स डिसीज. नाव ऐकून पोटात गोळा आला, पण हा रोग नाहीच. 1912 साली सीव्हर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी याबद्दल लिहिलं, म्हणून ते नाव चिकटलं. साधारण 8 ते 14 वर्षांच्या मुलांत टाचेच्या हाडाची मागची कड अजून कच्ची असते, कूर्चेची. हाडं भराभर वाढतात, पोटरी मागे पडते, आणि तिला टाचेशी जोडणारी ताणलेली शीर प्रत्येक उडीला ती कच्ची जागा ओढते. हाड पक्कं झालं की दुखणं संपतं. सासूबाईंचं 'वाढीचं दुखणं' वेगळं. ते रात्री येतं, दोन्ही पायांत, पोटऱ्या-मांड्यांत; सकाळी पोरगं टुणटुणीत. खेळून आल्यावर लंगडत असेल, तर तेलाची बाटली ठेवा आणि डॉक्टर गाठा. सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

बुटांचं पाप मात्र माझं. जूनमध्ये मेन रोडला "वाढता पाय आहे, दोन नंबर मोठे द्या" म्हणणारी मीच. पुढे कापूस कोंबायचा, मागे टाच सटकतेय. खरं तर उभं राहिल्यावर बोटांपुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरते. आणि पळायलाही तेच शाळेचे बूट, तळ पापडासारखा झालेला!

कविता राऊतनं 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला कांस्य आणलं, त्याचा नाशिककर म्हणून मलाही अभिमान आहे. पण म्हणून दहा वर्षांच्या पोराला आठवड्यातून सहा दिवस पळवायचं? मला नाही पटत.

सध्या पळणं बंद, सायकल चालू. भिंतीला हात टेकून रोज पोटऱ्या ताणायच्या, दोन्ही बुटांत टाचेखाली मऊ पॅड. काल सरांचा फोन आला, निवड चाचणी आहे, आठवडाभर जरा सहन करायला सांगा त्याला.

म्हटलं, सर, घरी या. एकदा त्याची टाच दाबून बघा, मग तुम्हीच सांगा त्याला.