टॉमचं काय झालं?

परवा रविवारी रात्री शो सुटल्यावर पार्किंगमध्ये पिकअपचं दार उघडता उघडता दादानं विचारलं, "आरं, त्या पोराचं काय झालं शेवटी?"

"कोणत्या पोराचं?"

"शेतावर राहिला त्याचं."

मी पुतण्याकडे बघितलं. हा माणूस नोलन या दिग्दर्शकाचा अंतराळावरचा सिनेमा, 'इंटरस्टेलर', सातव्यांदा बघून बाहेर आला होता. त्यातल्या कृष्णविवराचं वस्तुमान त्याला पाठ आहे, सूर्याच्या १० कोटी पट. टॉमचं, म्हणजे अंतराळात गेलेल्या कूपरच्या शेतावर राहिलेल्या मुलाचं, शेवटी काय झालं ते मात्र त्याला सांगता येईना. मलाही येईना. दादा म्हणाला, "राहू द्या, उद्या तोडणीची टोळी येणारे सहाला," आणि निफाडच्या रस्त्याला लागला.

(सिनेमा अजून बघितला नसेल तर इथेच थांबा. २०१४ चा आहे, म्हणजे तुम्हालाही घाई नसणार.)

पुतण्या अकरावीला, शिकायला माझ्याकडे नाशिकला असतो. शुक्रवारी ७ फेब्रुवारीला (२०२५) सिनेमा पुन्हा लागला तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्याच्या ग्रुपमधली चार पोरं सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला आयमॅक्सच्या अजस्र पडद्यावर बघून आली. तेव्हापासून इथल्या साध्या पडद्यावर बघणारे म्हणजे नुसतं कळसाचं दर्शन घेऊन परत फिरलेले. डिसेंबरमध्येच येणार होता, तेव्हा 'पुष्पा २'नं मोठे पडदे अडवले म्हणून शिव्या घालून झाल्या. आता १४ ला 'छावा' येतोय, तर महाराजांच्या लेकाला शिव्या कशा घालणार, म्हणून पोरं नुसती उसासे टाकतायत.

त्यांचं प्रेम खोटं नाही, हे आधी सांगतो. गेल्या महिन्यात इस्रोनं दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडले. दोन-तीनदा पुढे ढकललं, १५ मीटरवर आणलं, ३ मीटरवर आणलं, परत मागे घेतलं आणि शेवटी १६ जानेवारीला जमवलं. तेव्हा हीच पोरं मोबाईलला चिकटून होती. त्यामुळे परवा गरगर फिरणाऱ्या यानाला कूपर आपलं यान जोडतो त्या सीनला थिएटरात जो आरडाओरडा झाला, त्यात माझाही आवाज होता.

पण हिशोबाचं वेड बघा. पाण्याच्या ग्रहावर मागे जी टिकटिक वाजते, तिचा एकेक ठोका म्हणजे पृथ्वीवरचा एक दिवस, हे ग्रुपचं लाडकं प्रमेय. मी कागदावर करून बघितलं. तिथला १ तास म्हणजे इथली ७ वर्षं, म्हणजे ३,६०० सेकंदांत अडीच हजारांवर दिवस, म्हणजे दिवसाला १.४ सेकंद. ठोका त्याच्या आसपास पडतो. पास केलं पोरांना.

कृष्णविवराच्या बाबतीत मात्र मी खोडी काढली. किप थॉर्न या सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार, त्यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं. २०१९ मध्ये खऱ्या कृष्णविवराचा पहिला फोटो आला तेव्हा 'नोलननं आधीच दाखवलं होतं' म्हणून पोस्टींचा पूर आला होता. मी म्हटलं, अरे, कृष्णविवराभोवतीची ती झगझगीत तबकडी फिरते, त्यामुळे आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ दिसायला हवी. सिनेमात दोन्ही बाजू मुद्दाम सारख्या ठेवल्यात, बघणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून. फोटोत बघा, एक बाजू उजळ आहे. पुतण्याला ग्रुपवर उत्तर आलं, 'तुझ्या काकाला नोलन समजला नाही.'

असेल बुवा. पण मग हीच मंडळी नव्या माणसाला सल्ला काय देतात? "सुरुवातीची चाळीस मिनिटं जरा स्लो आहेत, सहन कर, पुढे भारी आहे."

माझं भांडण इथे आहे. ती चाळीस मिनिटं शेतीची आहेत.

दादाचा थॉमसन द्राक्षांचा एक प्लॉट शनिवारी खाली झाला होता, दुसऱ्याची गाडी सोमवारी भरायची होती, म्हणून रविवार मोकळा. पोराला भेटायला आला आणि पोरानं ओढून थिएटरात नेला. पडद्यावर यान उडायला लागलं की दादा पेंगणार, असा माझा अंदाज होता. पुढे तसंच झालं. पण आधीची चाळीस मिनिटं हा माणूस खुर्चीच्या कडेवर बसून होता. शेजाऱ्याची भेंडी जाळतात, आता भेंडी कायमची संपली म्हणतात, तेव्हा माझ्या कानाशी आला, "हळद्या असंल." (भेंडीची पानं पिवळी पाडणारा रोग.) पुढे प्रोफेसर सांगतो की पिकं संपवणारा हा रोग हवेतल्या नायट्रोजनवर जगतो. दादा म्हणाला, "मग मका कसा काय टिकला इतके दिवस?" आयमॅक्सवाल्या चौघांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नव्हता.

मध्यंतरात मी त्याला सांगितलं की तो मका खरा आहे, कॅनडातल्या अल्बर्टात सिनेमासाठी ५०० एकर पेरला होता, आणि शूटिंग झाल्यावर विकून वर नफा झाला. "मका विकून नफा?" दादा म्हणाला. "त्यांचा व्यापारी कोण, विचार की."

धुळीबद्दल बोलणारे सुरुवातीचे म्हातारेही, एक नटी सोडली तर, खरे आहेत. अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेती उठवली, ती डोळ्यांनी बघितलेली माणसं. टेबलावर ताटं पालथी मांडायची, जेवायला बसलं की सुलटी करायची, हे कुणी लेखकानं खुर्चीत बसून सुचवलेलं वाटत नाही. फॅन लोक इथे पॉपकॉर्न आणायला उठतात.

आणि तो शाळेचा सीन. जगाला इंजिनिअर नको आहेत, अन्न हवंय, तुमचा मुलगा उत्तम शेतकरी होईल, असं मास्तर बापाला सांगतो आणि बाप भडकतो. थिएटरात हशा पिकला. नाशिकच्या थिएटरात, जिथे निम्म्या पोरांची नावं आज ना उद्या सातबाऱ्यावर लागणार आहेत. मी दादाकडे बघायचं टाळलं.

आमच्या घरी अशी काही मीटिंग झाली नव्हती. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, दादाची बारावी झाली होती आणि बाग छाटणीला आली होती. एवढंच. मी २००५ मध्ये गाव सोडलं, माझी फी त्या बागेतून गेली, आता सातपूरला नोकरी करतो. (तो २ तास ४९ मिनिटांचा सिनेमा त्या पाण्याच्या ग्रहावर लावला, तर खेळ सुटेपर्यंत इथे पावणेवीस वर्षं उलटतात. रात्री झोप येईना तेव्हा हाही हिशोब केला.)

पाण्याच्या ग्रहावरून परतल्यावर २३ वर्षांचे साठलेले निरोप कूपर एका बैठकीत बघतो, तो सीन सगळ्यांना रडवतो. मीही रडलो. पण जरा नीट बघा, निरोप कोणाचे आहेत? टॉमचे. शाळा संपली, पोरगी आवडली, मुलगा झाला, मग तो मुलगा गेला, आजोबा गेले. बापाकडून एक शब्द परत येत नाही तरी हा सांगत राहतो. टॉमची बहीण मर्फ रागानं इतकी वर्षं एकही निरोप पाठवत नाही. आणि 'बाप-लेकीचं प्रेम' म्हणून रील्स कोणाच्या निघतात? मर्फच्या.

कुणी म्हणेल, टॉम पुढे वाईट वागतो, आजारी बायको-पोराला दवाखान्यात नेऊ देत नाही, डॉक्टरला ठोसा मारतो. मारतो, मान्य. मला तो दुष्ट वाटला नाही, फार थकलेला वाटला. ज्यानं घर धरून ठेवलं त्यालाच सगळे 'सोड आता' म्हणायला येतात, तेव्हा माणूस असा होतो.

मग मर्फ त्याचं शेत पेटवते. त्याला घरापासून लांब काढायला. तिकडे अंतराळात आणीबाणी, इकडे ज्वाळा, वर ऑर्गनचा आवाज टिपेला, अख्खं थिएटर श्वास रोखून. आणि झोपेतून जागा झालेला दादा मोठ्यानं म्हणाला, "आरं, उभं पीक पेटवलं तिनं!"

पुढच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

टॉम परत येतो, बहीण त्याला मिठी मारते, आणि तो सिनेमातून जातो. शेवटी बाप शनीजवळच्या स्थानकावर म्हाताऱ्या मर्फला भेटतो, पण टॉमचं नावही काढत नाही. दिग्दर्शक विसरला म्हणावं तर इतका बारीक माणूस विसरेल कसा? आणि विसरला असेल तर टिकटिक मोजणाऱ्या आमच्या पोरांच्या हे ध्यानात यायला नको? हे मी ग्रुपवर टाकायला सांगितलं. पुतण्या म्हणाला, "काका, तो साइड कॅरेक्टर आहे."

आज सकाळी पावणेसातला दादाचा फोटो आला. भरलेल्या कॅरेटचा, वर एक घड आडवा ठेवलेला. दर हंगामात पाठवतो. वर चॅट सरकवत गेलो तर त्याचे फोटोच फोटो, छाटणी, कळी, पाणी उतरलेले मणी, आणि प्रत्येकाखाली माझा एकेक अंगठा.

आज अंगठा पाठवला नाही, फोन लावला. उचलला नाही. गाडी भरत असेल.