‘नोफिक्स परत करा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला घेऊ नका

गेकोड या कन्स्ट्रेंट (अटी) सोडवणाऱ्या सी++ लायब्ररीत स्वतःचा प्रोपगेटर (व्हेरिएबल्सच्या शक्य किमतींतून अटीत न बसणाऱ्या किमती छाटणारा कोड) लिहायला घेतला की हा सल्ला हमखास मिळतो: “स्टेटसची चिंता नको. नेहमी नोफिक्स परत करा. उत्तर चुकणार नाही, फार तर प्रोग्रॅम जरा हळू चालेल.” स्टेटस म्हणजे प्रोपगेटरने काम झाल्यावर सॉल्व्हरला दिलेला निरोप; नोफिक्स म्हणजे ‘अजून छाटायचं उरलं असेल’.

आधी यातलं खरं काय ते. फिक्सपॉइंटची (पुन्हा चालवूनही आणखी काही छाटलं जाणार नाही या अवस्थेची) खात्री नसेल तर नोफिक्सच योग्य. ‘एक्स = वाय’चा, फक्त सीमा जुळवणारा प्रोपगेटर घ्या. एक्सचं डोमेन (शक्य किमती) १, ४, ५. वायचं २, ३, ५. एक्स किमान २ हवा म्हटलं की एक्समध्ये २-३ नसल्याने त्याची खालची सीमा थेट ४ वर जाते. मग वाय किमान ४ हवा, म्हणून तो ५ वर पोचतो. एक्समधला ४ मात्र अजून तसाच. इथे फिक्स (‘आता छाटायचं काही उरलं नाही’) परत करणं म्हणजे सॉल्व्हरशी खोटं बोलणं, आणि त्यापायी सर्चमध्ये एक फुकटची फांदी वाढते. शिवाय नोफिक्स म्हटलं म्हणून प्रोपगेटर दर वेळी पुन्हा चालतोच असंही नाही. आपल्याच व्हेरिएबल्समध्ये त्याने काही बदल केला असेल तरच तो पुन्हा रांगेत लागतो.

पण ‘उत्तर चुकणार नाही’? साफ चूक. एखादी छाटणी अशक्य ठरली, म्हणजे तिच्यामुळे एकही किंमत उरणार नसेल, तर ते कळतं फक्त त्या कॉलच्या रिटर्न व्हॅल्यूवरून. डोमेन जसंच्या तसं राहतं. ती व्हॅल्यू न तपासता नोफिक्स दिलं तर स्पेस (सर्चमधली एक अवस्था, तिच्या व्हेरिएबल्स आणि प्रोपगेटर्ससकट) फेलच होत नाही, आणि एक्स ३, वाय ५ अशी जोडीही उत्तर म्हणून बाहेर पडू शकते.

‘जरा हळू’ हेही फसवं आहे. ‘एक्स ≤ वाय’मध्ये एक्स १ ते ५ आणि वाय ७ ते ९ असेल तर प्रोपगेटरचं काम कायमचं संपलं. सबस्यूम्ड (‘माझी अट आता कायमची पाळली जाणार, मला काढून टाका’) सांगितलं नाही तर सर्चमध्ये स्पेसची प्रत काढताना दर वेळी त्याचीही प्रत निघते, आणि सीमा हलली की तो उगाच जागा होतो. सगळी व्हेरिएबल्स ठरल्यावर तरी सबस्यूम्ड सांगणं हे प्रोपगेटरचं कर्तव्यच आहे.

ते सांगताना अट मात्र नीट लिहा: एक्सची वरची सीमा ≤ वायची खालची सीमा. चुकून वायची वरची सीमा लिहिली, तर एक्स १ ते ५ आणि वाय ३ ते ८ असतानाच प्रोपगेटर निघून जातो. पुढे एक्स ५, वाय ३ झालं तरी हरकत घ्यायला कोणी उरत नाही.