पाणी दुतोंड्याच्या गळ्याला

पावसाळ्यात नाशकात कुणीही कुणाला फोन केला तरी पहिला प्रश्न ठरलेला, "दुतोंड्याला पाणी कुठवर आलंय?" दुतोंड्या म्हणजे गोदेच्या पात्रातला मारुती, पूर किती चढला ते त्याच्या अंगावरून मोजतात. होस्टिंगच्या, म्हणजे लोकांच्या वेबसाइट सर्व्हरवर सांभाळायच्या, धंद्यात हाच प्रश्न मला बारा महिने पडतो, गोदेऐवजी डिस्कबद्दल.

साइट झोपली की पिंपळगावचे द्राक्षवाले शेठ म्हणतात, "भाऊ, बॅकअप आहे ना? मग टाका की परत. पाच मिनिटांचं काम!" रोज रात्री 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल येतो, हे त्यांचं ब्रह्मास्त्र. अहो, तो मेल म्हणजे लोणच्याची बरणी भरल्याची पावती. आत फोडी आहेत की बुरशी, ते झाकण काढल्यावर कळतं. आणि झाकण नेमकं पाहुणे पानावर बसल्यावर निघतं.

आधी मोडकी साइट आहे तशी बाजूला कॉपी करायची, मग पाणी बघायचं. 'डीएफ -एच' (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) मारला आणि ९४ टक्के दिसलं, की मारुतीच्या गळ्याला लागलंय असं समजावं. बॅकअपचं १२ जीबीचं गाठोडं, त्यातून सोडलेल्या फायली आणि भरला जाणारा डेटाबेस, हे तिघे काही काळ एकाच डिस्कवर नांदतात. गाठोड्याच्या तिप्पट जागा मोकळी नसेल तर मी हात लावत नाही. कधी जागा ढीगभर असते, तरी 'नो स्पेस लेफ्ट' येतं. मग 'डीएफ -आय' बघायचं. कॅशेच्या, म्हणजे साइट झटपट दिसावी म्हणून साठवलेल्या, लाखो चिमुकल्या फायलींनी आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) खाल्लेले असतात. देवळात जागा आहे, पण चप्पल स्टँडचे बिल्ले संपले!

पुढे 'जीझिप -टी', म्हणजे गाठोडं धड आहे का याची तपासणी. हा मुखदुर्बळ प्राणी गप्प राहिला तर शुभशकुन. 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल' म्हणाला, तर गाठोडं अर्धवट आहे. कारण बहुतेक वेळा एकच: रात्री बॅकअप लिहितानाच डिस्क भरली आणि स्क्रिप्टने गाठोडं बांधणारा टार यशस्वी झाला का हे न बघताच आनंदाने मेल धाडला. गेल्या काही दिवसांच्या बॅकअपचे जीबीतले आकडे रांगेत लावले की चोर सापडतो: १२, १२, १२, ७.४. त्या ७.४ ला ओलांडून मागच्या १२ कडे जायचं आणि मधल्या ऑर्डरी गेल्या, हे शेठना सांगायचं. या कामाला कमांड नाही.

डेटाबेस ब्राउझरमधून चढवायचा मोह टाळावा. साइट चालवणाऱ्या पीएचपी भाषेची मूळ अपलोड मर्यादा २ एमबी. ती वाढवली तरी वेळमर्यादा संपून निम्म्याच टेबलांवर गाडी थांबते. कमांड लाइनच बरी. तिथे 'अननोन कोलेशन' आलं (म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम सर्व्हरला ओळखीचा नाही) आणि नावात ०९०० दिसलं, तर डंप, म्हणजे डेटाबेसची उतरवलेली फाइल, मायएसक्यूएल ८ चा आणि सर्व्हर जुना किंवा वेगळ्या जातीचा. डंपच्या कॉपीत ते नाव बदलून 'युनिकोड ५२०' वालं घालायचं. मूळ फाइलला बोट लावायचं नाही.

खरा कस मराठीचा. 'नाशिक' म्हणजे संगणकाच्या हिशेबात पाच चिन्हं, प्रत्येकी तीन, एकूण १५ बाइट. साइटवर टोपीवाल्या विलायती अक्षरांची जत्रा दिसली तर घाबरू नये. डंप फाइल उघडून बघायची. तिथे मराठी शाबूत असेल, तर फक्त वाचणाऱ्याने भलता चष्मा लावलाय. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ८एमबी४' सांगून पुन्हा भरलं की झालं. पण डंपमध्येच नाशिकच्या जागी मोजून पाच प्रश्नचिन्हं असतील, तर त्या मजकुराचं रामकुंडावर आटोपलेलं असतं. लिहितानाच अक्षरं टाकून दिलेली असतात. आणखी जुना बॅकअप शोधा.

शेवटी मालकी. रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी, म्हणून गाठोडं सोडलं की फायली कधी कधी रूटच्याच नावावर राहतात आणि साइट '४०३' किंवा '५००' अशी एरर दाखवत दारात उभी. मालक बदलायचा, परवानग्या फोल्डरला ७५५, फायलींना ६४४.

साइट उठते. शेठ प्रथमच तिच्याकडे नीट बघतात आणि लगेच फोन येतो, "भाऊ, तुमच्या त्या रिस्टोरने 'द्राक्षे'चं 'द्राक्षै' झालंय!" मी सगळ्यात जुना डंप उघडतो. तिथेही 'द्राक्षै'च असतं.